दोन मार्क जास्त

शाळेच्या जिन्याखाली एक खोली आहे. तिच्या एका बाजूला खेळाच्या सामानाची खोली, त्यामुळे भिंतीतूनही चेंडूंच्या रबराचा वास येतो. दुसऱ्या बाजूला सायकल स्टँड. खिडकी उघडली की एखाद्या सायकलचं हँडल थेट टेबलावर डोकावतं. दारावर 'मार्गदर्शन कक्ष' अशी पाटी आहे, पण ती वाचून आजवर कुणी आत आलेलं नाही. मुलं एकमेकांना विचारतात ते असं, "काय रे, खोडरबराकडे जाऊन आलास का?"

खोडरबर म्हणजे सर. मूळचे गणिताचे मास्तर. सव्वीस वर्षांपूर्वी कुणीतरी हे कॉलेज प्रवेशाचं काम त्यांच्या गळ्यात मारलं आणि त्यांनी ते गळ्यातला हार समजून मिरवलं. आपलं टोपणनाव त्यांना ठाऊक होतं. वरवर ते रागवायचे, पण मनातून खूश असायचे. शाळेत इतर मास्तरांची जी नावं होती ती पाहता खोडरबर म्हणजे पदवीच म्हणायची.

नाव पडलं ते पिवळ्या कागदामुळे. अकरावीच्या सहामाहीचा निकाल लागला की सर प्रत्येकाला एक पिवळा कागद द्यायचे. त्यावर डावीकडे मार्क लिहायचे, मधे बारावीला कोणते विषय ठेवणार ते, आणि उजवीकडे तीन कॉलेजं: एक वरचं, एक बेताचं, एक हातचं. सगळं पेन्सिलीनं. मग पोराला समोर बसवून सर कागद वाचायचे, चष्मा कपाळावर ढकलायचे आणि खोडरबर उचलायचे. वरचं कॉलेज जायचं, त्याच्या जागी बेताचं यायचं, बेताच्या जागी हातचं. अवघड विषय जायचा आणि सोपा यायचा. "हातचं सोडून पळत्याच्या पाठीस लागू नये," असं म्हणत ते कागदावरचा चुरा फुंकायचे. मग पोरानं घरी जाऊन तोच कागद शाईनं गिरवायचा आणि ऑफिसात द्यायचा.

माणूस कामचुकार होता असं मात्र कुणी म्हणू नये. शिफारसपत्र लिहायच्या आधी ते प्रत्येकाच्या आईकडून चार ओळी मागवायचे. साठ आयांपैकी पन्नास आया लिहायच्या, 'हुशार आहे पण अभ्यास करत नाही.' सर त्या पन्नास पोरांची पन्नास वेगळी पत्रं लिहायचे. 'मी लहानपणापासूनच' असा निबंध सुरू करणाऱ्याला ते विचारायचे, "म्हातारपणापासून कोण सुरू करतं रे?" आणि पुन्हा लिहायला लावायचे. फॉर्मच्या महिन्यात त्यांचा डबा संध्याकाळी जसाच्या तसा घरी जायचा आणि बायको बोलायची, "अहो, त्या डब्यालाच एकदा कॉलेजात घाला, रोज शाळेत येतोय बिचारा."

या सगळ्याचं फळ मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीबाहेरच्या फळ्यावर होतं. सव्वीस वर्षं, सव्वीस ओळी, प्रत्येकीपुढे 'शंभर टक्के प्रवेश'. सरांच्या हाताखालून गेलेलं एकही पोर घरी बसलं नव्हतं. सध्याच्या अकरावीची बारावी झाली की सर निवृत्त होणार होते. म्हणजे आणखी दोन ओळी लिहिल्या की संपलं.

अशात एके दिवशी मधल्या सुट्टीनंतर नळवाल्यांची धाकटी कागद घेऊन आली. तिचे वडील नळ दुरुस्त करायचे. शाळेतल्या प्रत्येक गळक्या तोटीशी त्यांची जुनी ओळख होती. धाकटीला गणितात एक्कावन्न होते. तरी बारावीला तिनं गणित ठेवलं होतं, आणि उजवीकडची तिन्ही कॉलेजं इमारतींचे आराखडे शिकवणारी होती. वरचं, वरचं आणि वरचं.

"हे काय?" सर म्हणाले. "तीन शिड्या दिल्या, तर तिन्ही गच्चीलाच लावल्यास?"

"सर, मला घरं काढायचीत."

"काढ की! कोण नको म्हणतंय? पण एक्कावन्नवर गणित ठेवलंस तर बारावीला टक्का घसरेल, आणि टक्का घसरला की हातचंही जाईल. मग तेलही गेलं नि तूपही गेलं."

चष्मा कपाळावर गेला. गणित खोडलं, भूगोल आला. दोन कॉलेजं खोडली, घराजवळचं आलं. मुलगी कागदाकडे बघत राहिली.

"घरी दाखवून आणू का, सर?"

"आण की. फक्त परवा दुपारी तीनच्या आत ऑफिसात दे. तिथे शिक्का बसला की ब्रह्मदेव आला तरी विषय बदलत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात उभी राहिली ती धाकटी नव्हे, तिची मोठी बहीण. सरांनी तिला क्षणभर ओळखलं नाही आणि मग एकदम ओळखलं. बारा वर्षांपूर्वी तीही याच खुर्चीवर बसून गेली होती. आता टाइल्स आणि बाथरूमच्या सामानाच्या दुकानात काम करत होती. लोकांच्या घरी जाऊन मापं घ्यायची, बेसिन कुठे, नळ कुठे, दार कुठल्या बाजूला उघडलं तर आतल्या माणसाचं डोकं फुटणार नाही, हे सगळं कागदावर काढून द्यायची. सरांच्या शेजाऱ्यांचं बाथरूम तिनंच काढून दिलं होतं आणि शेजारी अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला ते दाखवत होते.

"अगं ये, ये! किती वर्षांनी!" सर मनापासून म्हणाले. "बाबा कसे आहेत?"

"गुडघे गेलेत. आता नळाखाली वाकवत नाही." तिनं पर्स मांडीवर घेतली आणि पिवळा कागद टेबलावर ठेवला. "सर, धाकटीचं गणित तुम्ही खोडलंत."

"एक्कावन्न आहेत तिला. साठाच्या खाली मी कुणालाच ठेवू देत नाही. तिच्याच भल्यासाठी गं. तुला तर माहितीय."

"माहितीय ना. मला चोपन्न होते."

"असतील बाई. एवढ्या मुलांचं कुठे लक्षात राहतं?"

"माझं राहिलंय." तिचा आवाज चढला नव्हता. दुकानात गिऱ्हाइकाला माप सांगावं तशी ती सांगत होती. "दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या खिडकीपाशी रांग होती. तुमची मुलगी माझ्या पुढे होती. आमचं बाक एकच, रांगेतही आम्ही बरोबरच. तिचा कागद मी बघितला. डावीकडे गणित बावन्न. मधल्या रकान्यात गणित ठेवलेलं. खोडाखोड काही नाही."

सरांनी पिवळा कागद जवळ ओढला.

"मला दोन मार्क जास्त होते, सर."

बाहेर कुणाची तरी सायकल पडली आणि तिच्यामागून आणखी चार पडल्या. एरवी सर खिडकीतून ओरडले असते. आज त्यांनी मानही वळवली नाही.

आता एक खरं सांगायला हवं, नाहीतर या माणसावर अन्याय होईल. सरांनी ते दोन कागद कधी शेजारी-शेजारी ठेवलेच नव्हते. नळवाल्यांच्या मोठीचा कागद त्यांनी या खोलीत, या टेबलावर पाहिला होता. मुलीचा कागद घरी, जेवणाच्या टेबलावर, पाण्याचा जग बाजूला सरकवून. शाळेतल्या टेबलावर ते शंभर टक्केवाले सर होते. घरच्या टेबलावर बाप होते. मुलगी म्हणाली, "बाबा, गणितात बावन्नच आहेत," आणि बाप म्हणाला, "मी आहे ना. रोज संध्याकाळी तासभर बसू." आणि ते बसले. वर्षभर, एक दिवस न चुकवता. पोरीनं बारावीला ब्याऐंशी मिळवले, वरच्या कॉलेजात गेली, आता लांबच्या एका शहरात पुलांची कामं करणाऱ्या कंपनीत होती. 'आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं' ही म्हण सर दर पालकसभेत ऐकवायचे आणि पालक माना डोलवून हसायचे. ती आपल्यालाही लागू पडते हे त्यांच्या कधी स्वप्नातही आलं नव्हतं.

"मला वाटलं..." त्यांनी सुरुवात केली. "तुझं वर्ष वाया गेलं असतं तर घरच्यांनी तुला पुन्हा बसू दिलं असतं का? तू पडलीस तर तुला सावरणार कोण, असं वाटलं. तुमच्या घरी कुणी..."

"कुणी शिकलेलं नव्हतं. बरोबर आहे तुमचं." ती म्हणाली. "पण तिला सावरायला तुम्ही होतात ना, सर? मग मलाही तुम्ही होतातच की. एकीला शिकवत होतात तिथे दुसरी बसली असती, एवढंच. मी तर तुमच्या घरावरूनच जायचे."

सरांनी खोडरबर उचललं आणि परत ठेवलं.

"तेव्हाच का नाही विचारलंस मला?"

ती काहीतरी बोलणार होती. मग तिनं पर्सचा बंद बोटाला गुंडाळला आणि सोडला. "जाऊ दे ते. आमचे बाबा म्हणाले होते, सर म्हणतील ते. सर म्हणाले भूगोल, मग भूगोल. भूगोलात चांगले पडले मला. पंच्याऐंशी. सगळ्या देशांच्या राजधान्या येतात अजून. दुकानात काही उपयोग नाही, पण येतात."

सरांना हसू आलं नाही, आणि तिनं ते यावं म्हणून सांगितलंही नव्हतं.

"अजूनही वेळ गेलेली नाही तुझी," सर म्हणाले. "बाहेरून परीक्षा देता येते. मी माहिती काढतो. पत्र लिहितो तुला, हवं तर आजच..."

"सर, वेळ गेलीय." ती शांतपणे म्हणाली. "मला दोन मुलं आहेत, सासू अंथरुणाला आहे. मला बरं वाटावं म्हणून बोलू नका आणि तुम्हाला बरं वाटावं म्हणून तर मुळीच नको. मी माझ्यासाठी आलेच नाही. भांडायलाही नाही. धाकटीचा कागद उद्या तीनपर्यंत द्यायचाय, म्हणून आलेय."

सरांनी पेन उघडलं. भूगोल काट मारून खोडला आणि त्याच्या वर गणित लिहिलं. सव्वीस वर्षांत कुणाच्या कागदावर त्यांनी शाईचा शब्द लिहिला नव्हता. सहीसाठी त्यांनी पेन टेकवलं तेवढ्यात तिनं कागदावर हात ठेवला.

"असं नको. मी आले म्हणून लिहिलंत असं तिला वाटायला नको. तिला समोर बसवा. ती पडूही शकते हे सांगा. सगळं नीट सांगा आणि मग तिलाच ठरवू दे. माझ्या वेळेला कुणी तेवढंही विचारलं नव्हतं."

ती उठली. दारात तिनं एक नजर खोलीवरून फिरवली. सवयच असणार. "दार आत उघडण्याऐवजी बाहेर उघडायला हवं होतं," ती म्हणाली, "दोन खुर्च्या जास्त मावल्या असत्या." आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी धाकटीला बोलावलं. समोर नवा पिवळा कागद ठेवला, कोरा.

"हे बघ, मी तुला खरं सांगतो. एक्कावन्नचे सत्तर होणं अवघड आहे. अशक्य नाही, पण अवघड आहे. नाही झाले तर तुझं वर्ष जाईल, लोक बोलतील, घरी बाबांना वाईट वाटेल. झाले तर या तीन कॉलेजांपैकी एक तुला घेईल. रोज साडेतीनला मी इथे बसतो. तू आलीस तर तासभर शिकवीन. नाही आलीस तर बोलावणार नाही. आता सांग."

धाकटीनं पेन्सिल बाजूला ठेवली आणि सरांच्या खिशाकडे बघितलं. सरांनी पेन काढून दिलं. तिनं गणित लिहिलं, तिन्ही शिड्या गच्चीला लावल्या आणि साडेअकराला कागद ऑफिसात जाऊन शिक्काही बसला.

बाराला मुख्याध्यापिकाबाईंचं बोलावणं आलं. ऑफिसातून बातमी त्यांच्या टेबलावर पोचायला अर्धा तास लागला, म्हणजे तसा उशीरच.

"सर, एक्कावन्नवर गणित? तुम्ही? जाता जाता हे काय काढलंत? फळ्यावरची शेवटची ओळ आहे ही तुमची."

"ओळ तुटली तर तुटू दे, बाई."

"अहो, पण सव्वीस वर्षांची पुण्याई!"

"ती पुण्याई कुणाच्या जिवावर जमली ते आता मोजायला बसलो तर मला जेवण जाणार नाही," सर म्हणाले आणि बाई काय म्हणतात ते ऐकायला थांबले नाहीत. बाईंशी ते असं कधी बोलले नव्हते. बाईंनी शिपायाला विचारलं म्हणे, सरांची तब्येत बरी आहे ना.

तब्येत बरी नव्हतीच. त्या दिवसापासून सरांना रस्त्यानं चालणं जड झालं. आधी हाच रस्ता त्यांचा लाडका होता. बँकेच्या खिडकीतून कुणी हात करायचं, औषधाच्या दुकानातून कुणी बाहेर येऊन वाकून नमस्कार करायचं, "सर, तुमच्यामुळे लागलो मार्गाला." सगळे घराजवळच्या कॉलेजातले. सर मान ताठ ठेवून घरी जायचे. आता औषधवाला हसला की सर मनात त्याचा पिवळा कागद आठवायला बघायचे. काय लिहिलं होतं या पोरानं वरच्या ओळीत? मी काय खोडलं? आठवायचं नाही. कागद मुलांनी नेले होते आणि पेन्सिलीचं लिहिलेलं सरांनीच पुसलं होतं. कुणाचं बरोबर खोडलं आणि कुणाचं चुकून, हे ठरवायला आता देवही उपयोगाचा नव्हता. काहींचं बरोबरही असेल. पण तो विचार दोन पावलं पुरायचा, औषधाच्या दुकानापासून बँकेपर्यंतसुद्धा नाही.

आणि एक गोष्ट रुतून बसली होती. तेव्हाच का नाही विचारलंस, या प्रश्नावर नळवाल्यांची मोठी काहीतरी गिळून गेली होती. सर मास्तर होते. उत्तर येत असूनही न देणारा चेहरा त्यांना ओळखता येत होता.

मुलीचा फोन रविवारी सकाळी यायचा. आईशी अर्धा तास, बाबांशी चार वाक्यं. कशी आहेस, बरी आहे, काम काय म्हणतंय, चाललंय. वर्षातून दोन दिवस यायची, तेव्हाही सरांच्या शाळेचा विषय निघाला की उठून आत जायची. पोरगी कामात असते, असं सर लोकांना सांगायचे. त्या आठवड्यात त्यांनी रविवारची वाट पाहिली नाही. बुधवारी दुपारी, डबा पुढ्यात तसाच ठेवून, खोलीतूनच फोन लावला.

"बाबा? काय झालं? आई बरी आहे ना?"

"आई बरी आहे. सगळे बरे आहेत. नळवाल्यांची मोठी आली होती माझ्याकडे."

पलीकडे कुठलंतरी दार लावल्याचा आवाज आला.

"काय म्हणाली?"

"बारा वर्षांपूर्वीच्या कागदाचं बोलली. तिचे चोपन्न आणि तुझे बावन्न. तुला माहीत होतं?"

"हो."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस गं? आणि ती तरी का नाही आली माझ्याकडे? मी विचारलं तिला, तर जाऊ दे म्हणाली."

"तिनं नाही सांगितलं?" मुलीचा आवाज बारीक झाला. "बाबा, ती निघाली होती तुमच्याकडे. रांग सोडून निघाली होती, जिन्यापर्यंत गेली होती. मी धावत जाऊन तिचा हात धरला. म्हटलं, नको विचारूस, बाबांना आवडणार नाही. ती थांबली. माझं ऐकायची ती. मग तिनं माझ्यादेखतच तो भूगोलवाला कागद देऊन टाकला. त्यानंतर मला तिच्याशेजारी बसवेना. मीच बाक बदललं. तिनं काहीच विचारलं नाही कधी."

"पण हात का धरलास?"

"भीती वाटली. तिनं विचारलं असतं तर तुम्ही दोन्ही कागद शेजारी ठेवले असते. आणि मग माझंही गणित खोडलं असतं."

सरांनी डोळे मिटले. खोटं बोलायची त्यांची तयारी होती, पण जीभ वळली नाही.

"नसतं गं खोडलं तुझं."



"तेच ना, बाबा," मुलगी म्हणाली. "मग तिचंही खोडता आलं नसतं."